कमीत कमी कितीवर?

पितृपंधरवडा लागला आणि विश्रांतवाडीचा मजूर अड्डा पार थंडावला. पावसानं तर भाद्रपदभर पिच्छा सोडला नव्हता. बाहेरच्या भिंतींची कामं त्यानं आधीच बंद पाडली होती, उरलीसुरली आतली कामं आता पितरांनी अडवली. पुण्यातला माणूस एरवी कुणाला भीत नाही, पण या पंधरवड्यात रंगाचा डबा उघडायचा म्हटलं की त्याला एकदम सगळे पूर्वज आठवतात. "बघू, घटस्थापनेनंतर," म्हणून तो फोन ठेवतो, आणि इकडे रंगारी चौकातल्या कठड्यावर बसून राहतो. रामदासच्या घरात पितरांना जेवू घालायची रीत नव्हती. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं मागं पडलं होतं. तरी दरवर्षी दुसऱ्यांच्या पितरांपायी उपाशी बसायची पाळी त्याच्यावर यायची, आणि याचा त्याला मनापासून राग यायचा.

रामदास मूळचा बार्शीकडचा. लग्न झालं त्या वर्षी चंद्रभागेला घेऊन पुण्यात आला, तो रंगारीच झाला. छताला पुट्टी मारून मारून त्याचा उजवा खांदा असा धरला होता की सकाळी पहिल्यांदा हात वर न्यायचा तर डाव्या हातानं उचलून न्यावा लागायचा. एकदा वर गेला की मग दिवसभर चालायचा. चंद्रभागा त्याच अड्ड्यावर बायकांच्या बाजूला उभी राहायची. भिंती घासणं, डाग पुसणं, पाणी वाहणं ही तिची कामं. संध्याकाळी दोघं घरी यायची ती पांढरी होऊन.

या अड्ड्याची एक रीत होती, आणि तिचा तिथल्या माणसांना अभिमान होता. शहरात इतर ठिकाणी ठेकेदाराचा टेंपो आला की माणसं धावतात, दाराला लोंबकळतात, एकमेकांच्या अंगावरून "मला घ्या, मला घ्या" करतात. इथं कुणी उठायचं नाही. टेंपो थांबला की एकटा रामदास खिडकीशी जायचा आणि भाव सांगायचा. बाकीचे दुसरीकडे बघत बसायचे. ठेकेदारानं कितीही नजर फिरवली तरी त्याला पाठीच दिसायच्या. कुणाच्या घरी काय अडलंय हे सगळ्यांना माहीत असायचं, पण 'मी एवढ्यावरसुद्धा जाईन' हे कुणी तोंडातून काढायचं नाही, जोडीदारापाशीही नाही. रामदासला हा मान मिळाला होता तो एवढ्याचसाठी की तो कधी ठरल्या भावाच्या खाली गेला नव्हता.

त्या सकाळी चहाच्या गाडीवर सर्जेरावनं विषय काढला. सर्जेराव म्हणजे रामदासचा जुना जोडीदार. इमारतीच्या बाहेरून दोरांनी सोडलेल्या झुल्यावर दोघं शेजारी बसायचे, म्हणजे एकाचा जीव दुसऱ्याच्या गाठीवर.

"दसऱ्याचं काम तोंडावर आलं, रामदास. ह्या साली काय बोलायचं?"

"तूच सांग."

"नऊशेत आता काय भागंना गड्या. गॅस बघ, भाडं बघ."

"मग हजार. एक रुपया खाली न्हाई."

"हजार," सर्जेराव म्हणाला. मग कठड्यावरच्या प्रत्येकानं, बायकांनीसुद्धा, तो शब्द एकदा स्वतःच्या तोंडानं उच्चारला. हीसुद्धा रीतच होती. नवरात्र ते दिवाळी एवढेच दिवस रंगाऱ्याचे. त्या दिवसांवर पुढचा उन्हाळा निघतो, पोरांच्या फिया निघतात. त्यामुळे हजार म्हणताना कुणीही हसलं नाही.

रामदासची खोली पत्र्याची होती, पण तिच्या चारी भिंती चार रंगांच्या होत्या. कामावर उरलेले डबे घरी आणायचे आणि जो रंग असेल तो द्यायचा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या त्या भिंतीला मात्र विकत आणून निळा दिला होता. संध्याकाळी तो दारात आला की चपला काढायच्या आधी म्हणायचा, "आमू, आज नऊशे." आतून आम्रपाली म्हणायची, "नऊशे." पोरगी लहान असताना तिला आकडे शिकवायला त्यानं हा खेळ सुरू केला होता. आता ती बारावी कॉमर्सला होती, तरी तो मोडला नव्हता. बायकोच्या आधी पोरीला भाव कळायचा, आणि चंद्रभागा यावर लटकी चिडायची.

त्या दिवशी तो म्हणाला, "आमू, आज नुस्तं बसून."

"नुसतं बसून," ती म्हणाली. मग पुस्तक मिटून जवळ आली. "पप्पा, तुम्ही सगळे आता रिकामेच आहात ना? मला इकॉनॉमिक्सचं प्रोजेक्ट करायचंय. अड्ड्यावर येऊ?"

"इकॉनॉमिक्समंदी अड्डा असतो व्हय?"

"असतो की. सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणजे एकेका माणसाचं, एकेका घराचं. स्थूल म्हणजे अख्ख्या देशाचं."

"मग आमचा अड्डा कशात?"

तिनं पुस्तक पुन्हा उघडून चाळलं. "मॅडमना विचारते," ती म्हणाली.

मॅडम म्हणजे कादंबरी मॅडम. कॉलेजात त्यांचा दरारा होता आणि त्यांच्या तासाला मुलं खिडकीबाहेर बघत नसत. पुरवठ्याचा धडा संपल्यावर त्यांनी सांगून टाकलं होतं, "प्रत्येकानं एका वस्तूचं पुरवठा पत्रक करायचं. कोण विक्रेता कमीत कमी कितीला द्यायला तयार आहे, तिथून सुरुवात. आणि टोमॅटो आणू नका. टोमॅटोवाला मलाच रोज फसवतो, तुम्हाला काय खरं सांगणार?" आम्रपालीनं श्रमाचा पुरवठा घेते म्हटल्यावर मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. वर्गात त्यांनी असं फार थोड्यांकडे पाहिलं होतं. ती त्या नजरेनं दिवसभर फुलून गेली होती.

दुसऱ्या सकाळी रामदास तिला घेऊन अड्ड्यावर आला. पाऊस भुरभुरत होता.

"ही माझी पोरगी," तो म्हणाला. तसं सगळेच तिला ओळखत होते, तरी तो म्हणाला. "शिकायचं काम हाय तिचं. काय इचारंल ते खरं सांगा. बाहेर जायचं न्हाई, माझा शब्द हाय."

आणि मग त्यानं एक गोष्ट केली. कुणी काय आकडा सांगतो हे आपल्या कानावर पडू नये म्हणून तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि बंद दुकानाच्या पत्र्याखाली पाठ करून उभा राहिला. त्या पत्र्यातून पाणी गळत होतं, तरी सगळ्यांचं होईपर्यंत तो हलला नाही.

एकेकजण चहाच्या गाडीमागं येऊन सांगायचा. आम्रपालीनं आधीच सांगितलं होतं, नाव लिहिणार नाही, अ, ब, क असं लिहीन. तरी माणसं घुटमळायची. हजारच म्हणायची. मग ती म्हणायची, "काका, खरं. कमीत कमी कितीवर?" तेव्हा मग मान खाली जायची.

सर्जेरावनं आजूबाजूला पाहिलं. "साडेसातशे," तो ओठातल्या ओठात म्हणाला. "तुझ्या काकीला दवाखान्यात न्यायचं हाय गं. पण हे तुझ्या बापाला कळता कामा न्हाई."

"नाही कळणार, काका."

बायकांतल्या मैनेनं तेवढा आकडा दिला नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ म्हणाली, "मी न्हाई सांगायची. तुझं पुस्तक तुझ्यापाशी." चंद्रभागेला तिचा राग आला. पोरीच्या शिक्षणाला एवढी मदत करायला काय जातंय हिचं, असं ती दोन-तीनदा म्हणाली.

मैनेला पत्रकातून वगळलं, बाकी सगळ्यांचं लिहून झालं, बापाचंच राहिलं. रात्रीच्या भाकरीला बसल्यावर तिनं विचारलं.

"पप्पा, तुम्ही कमीत कमी कितीवर?"

"हजार."

"पप्पा, खरं सांगा ना. सगळ्यांनी सांगितलं."

रामदास हसला. घास हातातच धरून म्हणाला, "तुझं शिक्षण अडलं असंल तर नुस्त्या जेवणावर बी जाईन. लिही तसं."

"आन् जेवणात मटण असंल तरच, हे बी लिही," चंद्रभागा म्हणाली. तिघंही हसली. आम्रपालीला आतून फार बरं वाटलं.

पण जेवण काही चौकटीत बसेना. पत्रकात रुपये लिहायचे होते, आणि मॅडमनी बजावलं होतं की कोरी चौकट दिसली तर मार्क कापीन. तिनं विचार केला, हजार हा तर सगळ्यांचा भाव. पप्पा माझ्यासाठी त्याच्या खूप खाली यायला तयार आहेत. खूप म्हणजे किती? निम्मे. तिनं पाचशे लिहिलं. लिहिताना तिला वाटलं, बापाचं आपल्यावर किती प्रेम आहे ते यात आलं.

कॉलेजात तोंडी परीक्षा स्टाफरूममध्ये झाली. तिनं आलेख मोठ्या कागदावर सुरेख काढला होता. खालून वर चढत जाणारी रेघ, रेघेवर एकेक ठिपका, प्रत्येक ठिपक्याला एक अक्षर. मॅडमनी बोट ठेवून तो पाहिला.

"हे अ, ब, क कोण? घरी बसून मनानं आकडे भरलेली पत्रकं मी वर्षानुवर्षं तपासतेय. तुझ्या 'अ'ला रक्तमांस आहे का?"

"आहे, मॅडम! मी स्वतः गेले होते."

"मग सांग बघू."

"मॅडम, नावं सांगायची नाहीत असं कबूल केलंय."

"अगं, मी काय वर्तमानपत्रात छापणार आहे?" मॅडम हसल्या. "माझी खात्री नको पटायला?"

खोटं केलं असा संशय घेतलेला तिला सोसवला नाही. तिनं एकेक नाव सांगितलं. मॅडमनी प्रत्येक अक्षराशेजारी पेन्सिलीनं बारीक लिहून घेतलं. पार तळाच्या ठिपक्याशी आल्यावर त्या थांबल्या.

"आणि हे?"

"ते माझे पप्पा."

"वा. म्हणजे वक्र तुझ्या घरातून सुरू होतो." मॅडमनी मोबाइल काढून फोटो घेतला. "फार चांगलं झालंय. व्हरांड्यात प्रदर्शनात लावू. नावं खोडून टाक हं. आणि काय गं, ही मंडळी बिल्डिंगचं बाहेरचं काम करतात का? आमच्या सोसायटीचं काढलंय नवरात्रात. सेक्रेटरी मीच आहे, बाकीच्यांना सह्या करायलासुद्धा सवड नसते."

"करतात, मॅडम! झुल्यावरचं काम पप्पा आणि सर्जेरावकाकांइतकं कुणी करत नाही."

"मग ठेकेदाराला तिकडेच पाठवते."

आनंदाच्या भरात, अड्डा कशात येतो हा पप्पांचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. ती घरी जवळजवळ पळत आली.

रामदासला तर काय करू आणि काय नको असं झालं. मास्तरीणबाईंचं काम! त्यानं अड्ड्यावर चारचौघांत सांगितलं, आमूच्या मॅडमची बिल्डिंग हाय, सगळ्यांना पुरंल एवढं काम हाय, जरा मन लावून करायचं. झुल्याचे दोर त्यानं पावसाच्या उघडिपीत पसरून हातानं चाचपून पाहिले, एक विरलेला दोर बदलला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एक लहान ठेकेदार येऊन गेला. बंगल्याचं काम होतं, हजार द्यायला कबूलही होता. रामदासनं सर्जेरावकडे पाहिलं, सर्जेरावनं मान हलवली, आणि त्यांनी त्याला परत पाठवलं. उद्या मोठं काम येणार होतं, माणसं फोडून कशाला द्यायची?

घटस्थापनेच्या सकाळी पाऊस उघडला. कठड्यावर सगळे स्वच्छ कपड्यांत बसले होते. सुदर्शन नावाच्या ठेकेदाराचा टेंपो येऊन थांबला. रामदास उठला, खिडकीशी गेला.

"जय भीम, शेठ. मॅडमचं काम ना? हजार."

सुदर्शननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो दार उघडून खाली उतरला, रामदासला वळसा घालून कठड्यासमोर आला आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"सर्जेराव कोण?"

सर्जेरावनं हात वर केला. त्याला वाटलं, नावानिशी बोलावलं, म्हणजे चांगलंच असणार.

"साडेसातशे. चढा."

सर्जेराव जागच्या जागी बसून राहिला. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. माणूस दुसऱ्याच्या कुठल्याही भावाशी भांडतो, पण स्वतःच्या तोंडून निघालेल्या भावाशी कसा भांडणार? सुदर्शन पुढच्याचं नाव घेत होता. आठशे. पुढचा, आठशे वीस. पुढचा, सातशे. ज्याचा आकडा निघायचा तो अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखा दचकायचा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एकजण उठला आणि टेंपोत चढला. मग दुसरा.

"थांबा!" रामदास ओरडला. "कुनी चढू नका. भाव ठरलाय आपला!"

"आपण रामदास ना?" सुदर्शन आता त्याच्याकडे वळला. आवाजात मुद्दाम आदर होता. "आपले तर पाचशेच लिहिलेत. सगळ्यात कमी. आपण कशाला एवढं ओरडताय?"

टेंपोत चढलेले खाली वाकून बघायला लागले. रामदासला आधी कळेचना हे कुठून आलं. मग भाकरीचा घास आणि पोरीचं हसणं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. पोरीपाशी चेष्टेत बोललो होतो, असं तो सांगू शकला असता. पण आता हे कुणी मानलं असतं?

"पाचशे?" सर्जेराव उठून त्याच्यासमोर आला. "आमच्या तोंडून हजार वदवून घेतलास, रामदास. आन् तू सोता पाचशेला? निम्म्याला?"

"सर्जा, मी असं न्हाई..."

"बाहेर जायचं न्हाई म्हनलास. तुझा शब्द हाय म्हनलास. पोरीला पुढं करून समद्यांच्या पोटातलं काढून घेतलंस रं!"

सर्जेराव रस्त्याच्या कडेला थुंकला, ब्रशांची पिशवी उचलली आणि टेंपोत चढला. बायकांच्या बाजूला सुदर्शनपाशी मैनेचा आकडा नव्हता. "तू कितीवर?" त्यानं विचारलं. "ठरलंय तेवढ्यावर," ती म्हणाली. घासणारी बाई तर हवीच होती, म्हणून त्यानं तिला पुऱ्या भावानं घेतली. टेंपो गेला. कठड्याशी रामदास आणि चंद्रभागा एवढी दोघं उरली, आणि पायाशी नवा दोर गुंडाळून ठेवलेला.

आम्रपालीला हे आईकडून कळलं. आई ओरडली नाही, नुसतं सांगितलं, आणि तेच जास्त लागलं. ती तशीच कॉलेजात गेली. व्हरांड्यात तिचा आलेख लावलेला होता आणि कादंबरी मॅडम कुणा पाहुण्यांना तो दाखवत होत्या. पाहुणे जाईपर्यंत ती खांबापाशी थांबली.

"मॅडम, नावं बाहेर जाणार नाहीत असं तुम्ही म्हणाला होतात."

"वर्तमानपत्रात छापणार नाही म्हणाले होते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "छापलं का?"

"तुम्ही ठेकेदाराला फोटो दिलात."

"दिला. तो मला प्रत्येक माणसामागे हजार सांगत होता. सोसायटीचा पैसा आहे, माझ्या घरचा नाही. उधळायचा होता का? आणि मी कुणावर जबरदस्ती केली गं? ती माणसं या भावाला येऊ म्हणाली होती, आली. कुणी रिकामं बसलं नाही. देणारा खूश, घेणारा खूश. पुस्तकात याला समतोल म्हणतात. तुला तर वीसपैकी वीस दिलेत मी."

"मॅडम, हजार द्यायची तयारी होती तुमची?"

मॅडमनी आलेखाची एक सैल पिन दाबून बसवली. "बजेट होतं तेवढं," त्या म्हणाल्या. "म्हणून काय झालं?"

"माझ्या पप्पांचा आकडा खरा नव्हता. ते जेवणावर जाईन म्हणाले होते, माझ्यासाठी. पाचशे मी लिहिले."

"मग तो दोष माझा की तुझा?"

मॅडमचं बोलणं कुठंच चुकत नव्हतं, आणि तरीही त्यांनी आपल्याला विकलं हे तिला लख्ख कळत होतं. विषय सांगितला त्या दिवशीच्या नजरेसाठी आपण सगळ्यांना विकलं, हेही कळत होतं. तिनं आलेखाच्या पिना काढायला हात वर केला.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "आता तो कॉलेजचा आहे."

घरी आली तेव्हा रामदास निळ्या भिंतीला टेकून बसला होता. उजवा खांदा डाव्या हातानं धरला होता.

"पप्पा, तो आकडा मी भरला. चौकट कोरी चालत नव्हती म्हणून."

चंद्रभागा चुलीपाशी होती, ती उसळली. "जेवनावर जाईन म्हनला व्हता तो! माया करून म्हनला व्हता. त्याचे रुपये केलेस व्हय गं?"

"दाव," रामदास म्हणाला. "कुठं हाय मी त्यात, दाव."

तिनं मोबाइलमध्ये आलेखाचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं पुट्टी बसलेल्या बोटानं रेघेवरून हळूहळू खाली यायला सुरुवात केली. हा कोण, त्यानं विचारलं, आणि हा, आणि हा. ती सांगत गेली. सर्जेरावच्या ठिपक्यावर बोट जरा थांबलं.

"साडेसातशे. काकीचा दवाखाना," तो स्वतःशीच म्हणाला. "मला बोलला न्हाई." मग बोट आणखी खाली आलं. "आन् हा मी."

"पप्पा, खाली असणं म्हणजे वाईट नसतं. त्याचा अर्थ एवढाच की..."

"वर खाली मला कळतंय, आमू." त्यानं मोबाइल तिच्या हातात परत दिला.

दुसऱ्या सकाळी ती एकटीच अड्ड्यावर गेली आणि टेंपो यायच्या आत सगळ्यांपुढं उभी राहून सांगितलं. पाचशे खोटे आहेत, पप्पा असं कधी म्हणाले नाहीत, नावं मी सांगितली, सगळी चूक माझी. सांगताना तिला रडू येत होतं, पण तिनं ते आवरलं.

सर्जेरावनं सगळं ऐकून घेतलं. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मानलं पोरी. तुझा बाप हजाराचाच हाय, मानलं. पर आमचे आकडे तर खरे व्हते ना? ते गेलेच की. आता दिवाळीपतुर जो येईल तो साडेसातशेच म्हननार मला." तो उठला, कारण टेंपो आला होता. "त्याला म्हनावं, यायचं तर ये. पर खिडकीपाशी आता तू जाऊ नगंस म्हनावं."

टेंपो थांबायच्या आतच तीन-चार जण धावले. आम्रपालीनं त्या अड्ड्यावर माणसं धावताना आधी कधी पाहिली नव्हती.

रामदास तिथं परत गेला नाही. तो स्वारगेटला जायला लागला. विश्रांतवाडीहून बस बदलून जायचं, ब्रशांची पिशवी मांडीवर घेऊन. तिकडच्या अड्ड्यावर त्याला कुणी ओळखत नव्हतं. गाडी आली की तिथं सगळे पळायचे, आणि ज्याचा हात आधी दारावर पडेल त्याला काम. त्याचा उजवा हात सकाळी लवकर वर जात नसे. पहिले काही दिवस तो नुसताच परत आला. मग डाव्या हातानं दार धरायला शिकला.

एका संध्याकाळी तो आला तो पांढरा होऊन. म्हणजे काम मिळालं होतं. आम्रपाली पुस्तक मिटून बसली होती. दारात पाऊल वाजलं तशी तिनं सवयीनं मान वर केली आणि वाट पाहिली. त्यानं चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, आणि मोरीवर बसून नखं घासायला लागला.

"पप्पा," तिनं विचारलं, "आज कितीवर?"

रामदासचा हात थांबला. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. रागावलेला नव्हता तो, नुसतं विचारत होता.

"कुनाला सांगायचंय?" तो म्हणाला, आणि पुन्हा नखं घासायला लागला.